मानेतली बरगडी

आमच्या घरात मी पहिल्यांदा बदनाम झाले ती मांड्यावरून. झेंडा नंतर आला. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं की मांडा म्हणजे पुरणपोळीची थोरली बहीण. चुलीवर खापर उपडं घालायचं, आणि पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन, या मनगटावरून त्या मनगटावर झेलत, कोपरापर्यंत फिरवत वाढवायचा. हात खांद्याच्या वर ठेवावे लागतात, मान उंड्याबरोबर डावी-उजवी वळवावी लागते, आणि मांडा उपरण्याएवढा पातळ झाला की एका झटक्यात खापरावर टाकायचा. धुळ्याच्या देवपुरात आमच्या आळीत लग्नाची मुलगी बघायला आलेली माणसं गोरेपण नंतर बघत, आधी विचारत, मांडे येतात का. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरवाशिणी जमल्या होत्या. अंगणातल्या निंबाच्या झोक्याची करकर आणि गाणी आत ऐकू येत होती, खापरावर पिठाचा वास सुटला होता, आणि माय म्हणाली, आता यमुनेला करू द्या. मी उंडा घेतला. दोन फेरे बरे गेले. तिसऱ्या फेऱ्याला करंगळीत मुंग्या आल्या, त्या कोपरापर्यंत चढल्या, बोटं पांढरीफटक पडली, आणि आख्खा मांडा माझ्या मनगटावरून घसरून चुलीच्या राखेत गेला. झोका थांबला असावा, कारण गाणं थांबल्याचं मला आठवतं. माय म्हणाली, "हात काय मरी गया का तुना?"

मेलाच होता. पण हे कुणाला पटवून देणार? थोड्या वेळाने हात पुन्हा जिवंत व्हायचा, लालबुंद व्हायचा, आणि मग मी अगदी धडधाकट दिसायचे. दुखणं असं असावं की चार माणसांसमोर दिसावं. ताप असला तर कपाळाला हात लावून कळतो, फोड असला तर डोळ्याला दिसतो. माझं दुखणं हात वर असताना यायचं आणि खाली आला की पळून जायचं, कामाच्या वेळी यायचं आणि जेवायच्या वेळी जायचं. आळीतल्या बायकांनी त्याचं निदान केलं होतं: कामचोरी. माय तसं म्हणत नसे. ती रोज संध्याकाळी लसूण जाळलेल्या तेलाने माझा हात चोळायची, रुईची पानं गरम करून बांधायची, आणि हात गार लागला की पुटपुटायची, "बठ्ठा बर्फ शे माय." तो हात किती गार होता हे त्या घरात दोन माणसांना नीट माहीत होतं. एक माय. दुसरे नाना.

नाना म्हणजे माझे सख्खे धाकटे चुलते. आबा, माझे वडील, कमी बोलणारे. दुकानातून यायचे, ओट्यावर बसायचे, नानांचं बोलणं ऐकायचे. नानांनी लग्न केलं नव्हतं. आपलं लग्न देशाशी लागलं आहे असं ते सांगत, त्यावर माय पदराआडून म्हणे, "देश भाकर करस नही, भाऊजी, ती माले करनी पडस." नाना खो खो हसत. हसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मागच्या खोलीत त्यांचं पत्रकांचं यंत्र होतं. त्याच्या रुळाचा खर्रखट आवाज आणि शाईचा तेलकट वास आमच्या घरात भाकरीच्या वासाइतकाच कायमचा होता. फुणके-कढी वाढून माय हाका मारायची आणि आम्ही दोघं काळ्या बोटांनी येऊन पाटावर बसायचो. लिहायला मला त्यांनीच शिकवलं. मी शाळेतल्या निबंधासारखं लांबलचक लिहून नेलं की ते कागद परत करत. "यमुने, वाक्य दगडासारखं पाहिजे. फेकता आलं पाहिजे." आज माझं लिखाण कुणाला उद्धट वाटत असेल तर त्याचं श्रेय त्यांचं आहे. ते मी नाकारत नाही. त्यांचं देणं नाकारण्याइतकी मी त्यांच्यासारखी झालेले नाही.

माझ्या हाताकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं तेही त्यांनीच. यंत्राचा दांडा फिरवताना बोटं निळी पडलेली त्यांनी पाहिली आणि आबांना म्हणाले, हिला जळगावला नेतो, मुंबईहून शिकून आलेले एक डॉक्टर तिथे आहेत. सर्व्हिस मोटारीने पारोळा, एरंडोल करत आम्ही धुळ्याहून जळगावला गेलो आणि तिथून असोद्याला, माझ्या आत्याकडे मुक्कामाला. आत्याला सगळे अक्का म्हणत. ती असोद्यात इतकी रुळली होती की बोलणंही तिकडचंच झालं होतं. काट्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, त्यात कांद्याची पात, बरोबर कळण्याची भाकरी. "खाय वं पोरी, हाडाले बय येईन," म्हणाली. हाडाला बळ जास्तच झालं होतं हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं. गळ्याच्या बाजूला, हासळीच्या हाडाच्या वर, बोटांनी चाचपत राहिले. मग उजवा हात वर करायला सांगितला, मान उजवीकडे वळवायला सांगितली, लांब श्वास घेऊन धरायला सांगितला, आणि माझं मनगट पकडून म्हणाले, "हं." एवढंच. नंतर नानांकडे वळून म्हणाले, "तुम्ही हिचे कोण?"

"चुलता."

"मग या इकडे. हिची नाडी धरा. हात खाली असताना लागते?"

"लागते. चांगली टणटणीत आहे."

"आता हात वर. मान उजवीकडे. श्वास रोख, मुली. आता?"

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एवढा मोठा माणूस, सभा गाजवणारा, लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बघत राहिला. "गेली! डॉक्टर, नाडी गेली!"

"जाणारच. तुमच्या-माझ्या बरगड्या छातीत संपतात. हिच्या मानेच्या मणक्यातून एक जास्तीची फुटली आहे. जन्मापासून आहे, वय वाढलं तशी त्रास द्यायला लागली. हात वर गेला आणि मान त्या बाजूला वळली की त्या सांदीत रक्ताची नळी चिमटते आणि शेजारून जाणारी नसही दबते. मुलगी ढोंग करत नाही, एवढं घरी नीट सांगा. शस्त्रक्रिया मुंबईला होते, पण धोक्याची आहे. तोपर्यंत ओझं उचलायचं नाही, हात वर धरून काम करायचं नाही."

परतताना मोटारीत नाना फार खुशीत होते. "हाडाचे कार्यकर्ते पुष्कळ पाहिले," ते म्हणाले, "पण जादा हाडाची तू पहिलीच." मीही हसले. मला केवढा आनंद झाला होता हे आज कुणाला सांगून समजणार नाही. दुखणं बरं होणार नव्हतं, पण ते खरं होतं. माझ्या मानेत एक हाड होतं आणि त्याला साक्षीदार होता. नानांनी घरी सगळं सांगितलं, माझी मांड्यातून सुटका झाली. मुंबईचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही. आळी म्हणाली, मानेत कुठे बरगडी असते का, पुढच्या वर्षी शेपूटही फुटेल. मला फरक पडला नाही. मी पत्रकं लिहीत होते आणि यंत्राचा दांडा डाव्या हाताने फिरवत होते.

सत्याग्रहाच्या प्रभातफेरीच्या आधी नानांच्या समितीत वाद झाला तो मुलींवरून. मुलींनी पुढे चालावं की नाही, झेंडा धरावा की नाही. नाना उठून म्हणाले, माझ्या घरातली मुलगी झेंडा धरील, जबाबदारी माझी. टाळ्या झाल्या. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, नाना, हात? झेंडा उजव्या मुठीत, डोक्याच्या वर धरायचा, खांद्यावर टाकायचा नाही, छातीला टेकवायचा नाही, असा आमचा नियम. तो मीच पत्रकात लिहिला होता. नाना म्हणाले, "चौकापर्यंत धर, पुढे मी आहे. तुझ्या उजव्या बाजूला, एक पाऊल मागे. मुंग्या आल्या की नुसती मान वळव, मी झेंडा घेतो." आणि त्या भोळ्या पोरीला, म्हणजे मला, त्यातला घोळ तेव्हा दिसला नाही. मान वळव, म्हणाले. उजवीकडे.

सकाळची वेळ होती, ऊन तिरपं होतं, मागे मुली गात होत्या. पेठेतून निघालो तेव्हा दुकानांच्या फळ्या उघडत होत्या आणि लोक हातातलं काम टाकून बघत उभे राहत होते. करंगळी पेठेतच गेली. मी काही बोलले नाही. मागून नानांच्या घोषणा ऐकू येत होत्या, तो आवाज होता तोवर मला कशाची फिकीर नव्हती. चौकाच्या तोंडाशी पोलीस आडवे उभे होते. कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. आणि माझ्या लक्षात आलं, की नानांचा आवाज बऱ्याच वेळापासून येत नाहीये. मी मान उजवीकडे वळवली. एक पाऊल मागे कुणी नव्हतं. चार पावलं मागे कुणी नव्हतं. मी श्वास रोखून आणखी वळून पाहिलं, तेव्हा ते मला दिसले: पानाच्या दुकानाच्या कठड्याला, बघ्यांमध्ये, टोपी हातात. आमची नजरानजर झाली. ते हलले नाहीत. डॉक्टरांनी जे करून दाखवलं होतं ते सगळं मी त्या चौकात अचूक केलं. हात वर, मान वळलेली, श्वास रोखलेला. झेंडा माझ्या मुठीतून सुटला तो मला कळलासुद्धा नाही. काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. एका शिपायाने तो बुटाने बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुताना बायकांनी मला जागा दिली नाही. पोलिसांना बघून पोरीने झेंडा टाकला, असं अख्ख्या धुळ्यात झालं होतं. मला वाटलं, नाना बोलतील. समितीची बैठक होती, तिथे बोलतील. घरात ते माझ्याशी बोलत नव्हते, ते मी शरमेचं धरून चालले.

बैठक एका जिनिंगच्या आवारात, कापूस नसलेल्या रिकाम्या खोलीत होती. जमिनीवर गोणपाटं. सगळे पुरुष, आणि दाराजवळ मी. अध्यक्ष एक वृद्ध वकील होते, माणूस सज्जन. त्यांनी विचारलं, "मुली, काय झालं ते सांग." मी सांगितलं. हाड, नाडी, डॉक्टर, सगळं. नाना कुठे होते ते मात्र मी सांगितलं नाही. ते त्यांनी स्वतः सांगावं असं मला वाटत होतं. एका कापडवाल्याने विचारलं, "मानेत बरगडी? मग छातीत मान आहे का?" हशा पिकला.

"डॉक्टरांकडे नाना होते बरोबर," मी म्हणाले. "त्यांना विचारा."

सगळे नानांकडे वळले. नाना घरात अहिराणी बोलत आणि सभेत शुद्ध मराठी. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "मुलीची प्रकृती मुळातच नाजूक आहे. डॉक्टरांनी खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं."

मी उभी राहिले. "आत्ता बघा. इथेच. माझा हात धरा कुणीतरी, मी वर करते. नाडी जाते. एका श्वासात कळेल."

कुणी हललं नाही. मला आधी वाटलं, त्यांना खरं नको आहे. तसं नव्हतं. लग्नाच्या परक्या पोरीचं मनगट भर बैठकीत धरायचं कुणी? वकीलसाहेबांनी आपले हात मांडीखाली घेतले. "नाना," ते म्हणाले, "तुम्ही चुलते आहात. तुम्हीच बघा. आम्ही कसं…"

नाना आले. त्यांनी माझं मनगट धरलं, नेमकं तिथेच, अंगठ्याच्या खाली, जळगावला शिकवलं होतं तसं. मी हात वर केला. मान उजवीकडे वळवली, म्हणजे त्यांच्या तोंडाकडेच. श्वास रोखला. करंगळी गेली, तळवा गेला, आणि मला आतून कळलं की आता तिथे काही वाजत नाहीये. त्यांच्या बोटांनाही कळलं. बोटं एकदा दचकली. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. ते माझ्या डोक्यावरून, आढ्याकडे बघत म्हणाले:

"नाडी व्यवस्थित चालू आहे."

मुलींनी यापुढे फेरीत अग्रभागी राहू नये व ध्वज धरू नये, असा ठराव झाला. अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत. सगळ्यांनी केले. हात वर करणं या वाक्प्रचाराचे मराठीत दोन अर्थ आहेत आणि त्या खोलीत ते दोन्ही एकाच वेळी झाले. ज्या मुली माझ्यामागे गात चालल्या होत्या त्यांना घरी बसवायला माझा मेलेला हात वापरला गेला. मला भित्री म्हटलं ते मी सोसलं असतं. ते अजून सोसते आहे, हे नाही.

घर एकच, रस्ता एकच. पांझरेच्या कोरड्या पात्रातून आम्ही दोघं देवपूरकडे चाललो. पाण्याची एक बारीक धार होती, तिच्यापाशी नाना थांबले, तोंड धुतलं, आणि माझ्याकडे न बघता घरच्या बोलीत म्हणाले, "गयी व्हती. नाडी. माले समजनं."

"मग?"

"तू पोर शे, यमुने. पोर घाबरनी तर लोके चार दिन हासतीन, इसरी जातीन. मनं इसरतीन नही. पुढला नंबर मना शे."

पुढचा नंबर म्हणजे सत्याग्रहाला जाण्याचा. समितीने त्यांचं नाव ठरवलं होतं. ज्या चौकात ते पानाच्या दुकानाला टेकून उभे होते, त्याच चौकातून ते हार घालून तुरुंगात जाणार होते. मला त्यांच्या घाबरण्याचा राग आज नाही. लाठी सगळ्यांच्याच हाडाला लागते. पण घाबरले ते, आणि भित्री मी, हा हिशेब कुठल्या देशभक्तीत बसतो ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

घरी मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "नाना खोटं बोलत नाही." बस्स. मी मायकडे पाहिलं. रोज संध्याकाळी तो हात चोळणारी माय, बर्फ म्हणणारी माय. ती चुलीपुढे बसली होती, तिने दिराकडे एकदा पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "जेव माय. भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी." मी जेवले. भूक लागली होती.

नाना निघाले त्या दिवशी अंगणात मावणार नाहीत एवढी माणसं. घरातली मुलगी ओवाळणार, म्हणून ताट माझ्या हातात आलं. मी ते पाटावर ठेवलं, डाव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि डावा हात पुढे केला. बायकांनी "अगं अगं" केलं. कुणी म्हणालं, उजवा, यमुना, उजवा! मी मोठ्याने म्हणाले, "उजवा वर धरला की मरतो. का मरतो ते नानांना माहीत आहे. विचारा त्यांना." सगळ्या माना नानांकडे वळल्या. आता तरी, असं मला वाटलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हळूच खाली वाकले आणि माझ्या डाव्या बोटापुढे कपाळ केलं. मी कुंकू लावलं, आणि मागून एक आवाज आला, "काय मन आहे माणसाचं! अपमान गिळला पोरीचा!" दुसऱ्याने त्यांच्या नावाचा जयजयकार सुरू केला. शेजारची म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, "पाय धर त्याना, बाई. तुनं पाप पोटमा घाली लिधं त्यानी." मी पाय धरले नाहीत. त्यांच्यासाठी पत्रक लिहिणं मी त्याच दिवशी सोडलं. पुढे लिहिली ती स्वतःची, आणि ती फेकता आली.

नाना पिकून गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांचे सत्कार झाले, त्यांनी भाषणं केली, चौकातली फेरीही त्यांत असायची. झेंडा पडल्याचं नसायचं. ते गेले तेव्हा मीही म्हातारी झाले होते. अंगणात त्यांना ठेवलं होतं, एकेक जण पुढे होऊन फूल वाहत होता, नमस्कार करत होता. माझी पाळी आली, मी तिरडीपाशी जाऊन उभी राहिले, आणि तशीच मागे फिरले. जरा कुजबुज झाली. मग नानांच्या वयाचा, त्या बैठकीत हात वर केलेल्यांपैकी एक म्हातारा मोठ्या समजूतदारपणे लोकांना म्हणाला, "राहू द्या त्यांना. बाईंचा हात लहानपणापासून अधू आहे. मानेत हाड आहे त्यांच्या."

नमस्काराला हात छातीपर्यंतच आणावे लागतात. तेवढे माझे दोन्ही येतात.